चुंबक आणि वही : अनावर खाण्यावरील उपचारांचा पणजीतील अनुभव

पणजीतील एका खासगी उपचारकेंद्रात मी यंदा जून महिन्यात वीस सत्रांचा उपचारक्रम सुरू केला आणि जुलैच्या पहिल्या आठवड्यात तो संपवला. अनावर खाण्याच्या विकारावर मेंदूचे चुंबकीय उद्दीपन आणि आहारतज्ज्ञांचे समुपदेशन हे दोन्ही एकत्र देणारे ते पॅकेज होते आणि त्यासाठी मी ३८,००० रुपये मोजले. पैसे भरण्यापूर्वी कोणा रुग्णाने मराठीत लिहिलेला अनुभव वाचायला मिळावा म्हणून मी बराच शोध घेतला होता. तो हाती लागला नाही, म्हणून आता स्वतःच लिहायला बसलो आहे. केंद्राचे नाव देत नाही, कारण पुढे काही तक्रारी येणार आहेत आणि कोणाचा धंदा बुडवावा असा माझा हेतू नाही.

आधी आजाराविषयी सांगतो. माझे वय ५२, राहायला फोंड्याला, नोकरी पणजीत एका बँकेत. गेली सहा वर्षे आठवड्यातून चार-पाच रात्री माझा क्रम ठरलेला असे. घरातली सगळी झोपली की स्वयंपाकघरात जायचे, दिवा न लावता फ्रीजच्या उजेडात उरलेले शीत आणि हुमण, म्हणजे भात आणि माशाची आमटी, खायचे, ते संपले की पाव, पाव संपले की फरसाण आणि शेवटी डब्यातले खाजे. मंगेशीच्या जत्रेतून आणलेले किलोभर खाजे मी एकदा दोन रात्रींत संपवले होते. कागदाच्या पुडीचा आवाज होऊ नये म्हणून दिवसाउजेडीच ते स्टीलच्या डब्यात काढून ठेवायचे आणि रात्री झाकण उघडताना वर ओला रुमाल धरायचा, इतकी त्यात तयारी असे. भूक मुळीच नसायची आणि चवही धड कळत नसे. पोट दुखू लागेपर्यंत हात थांबत नसे आणि नंतर पहाटेपर्यंत स्वतःची किळस येत राही. बायकोने रिकाम्या डब्यांबद्दल कधी एका शब्दाने विचारले नाही. तिने फक्त खाजे आणणे बंद केले.

हा खादाडपणा आहे, थोडा निग्रह केला की सुटेल, असे मी धरून चाललो होतो. वास्तविक अल्बर्ट स्टंकार्ड या अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञाने १९५९ सालीच अशा खाण्याचे वर्णन करून ठेवले होते. अमेरिकन मनोविकार वर्गीकरणाच्या २०१३ सालच्या पाचव्या आवृत्तीत ‘बिंज ईटिंग डिसऑर्डर’ या नावाने त्याला स्वतंत्र स्थान मिळाले. सरासरीने आठवड्यातून किमान एकदा, सलग तीन महिने, थोड्या वेळात खूप खाणे आणि खाताना ताबा सुटल्याची जाणीव असणे, हा त्या निदानाचा गाभा आहे. शिवाय खाल्लेले ओकून टाकणे किंवा जुलाबाच्या गोळ्या घेणे असे प्रकार त्यात नसतात, ते असले तर आजार वेगळा. अमेरिकेतील २००७ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या पाहणीत आयुष्यात कधी तरी हा विकार झालेल्यांचे प्रमाण स्त्रियांत ३.५ टक्के आणि पुरुषांत २ टक्के आढळले होते. पुरुषांचा हा आकडा मी मुद्दाम नोंदवत आहे, कारण केंद्राच्या माहितीपत्रकावरचे प्रत्येक चित्र बाईचे होते आणि पहिल्या दिवशी स्वागतकक्षातल्या मुलीने मला ‘पेशंट कुठे आहेत?’ असे विचारले होते.

त्या माहितीपत्रकाविषयीच माझी पहिली तक्रार आहे. त्यावर ‘अमेरिकेत मान्यताप्राप्त तंत्र’ असे ठळक अक्षरांत छापले आहे आणि शेजारी कमरेला मोजपट्टी लावलेली बाई आहे. वाक्य खोटे नाही, पण अर्धे आहे. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने चुंबकीय उद्दीपनाच्या यंत्राला २००८ साली परवानगी दिली ती नैराश्यासाठी. पुढे २०१८ साली मंत्रचळेपणासाठी (ओसीडी) आणि २०२० साली धूम्रपान सोडण्यासाठी काही यंत्रांना ती मिळाली. अनावर खाण्यासाठी अशी परवानगी नाही. त्या विकारासाठी तिथे २०१५ साली मान्यता मिळाली ती लिस्डेक्सअँफेटामिन या औषधाला. ब्रिटनच्या आरोग्ययंत्रणेला मार्गदर्शन करणाऱ्या ‘नाइस’ या संस्थेच्या २०१७ सालच्या सूचनांत पहिला उपचार म्हणून सांगितली आहे ती आकलन-वर्तन पद्धतीची, म्हणजे विचार आणि वागण्याच्या सवयी बदलायला शिकवणाऱ्या मानसोपचाराची, स्वसाहाय्य पुस्तिका, तीही जाणकाराच्या देखरेखीखाली. शिवाय हा मानसोपचार वजन उतरवण्यासाठी नसतो, त्याने वजन फारसे हलेलच असे नाही, हेही रुग्णाला आधी सांगायचे असते. मोजपट्टीवाल्या बाईने नेमके उलट सांगितले होते.

मानसोपचारतज्ज्ञ डॉक्टरांविषयी मात्र माझी तक्रार नाही. मी माहितीपत्रक पुढे करून विचारले तेव्हा त्यांनी ते बाजूला सारले आणि सांगितले, की खाण्याच्या विकारात या उपचाराचा पुरावा अजून तुटपुंजा आहे, उपयोग होईल याची हमी देता येत नाही, आणि नुसत्या यंत्राच्या भरवशावर राहायचे असेल तर पैसे भरू नका. डॉक्टरांचे हे बोलणे मला आवडले. हेच चार शब्द माहितीपत्रकावर असते तर अधिक आवडले असते.

आता यंत्राकडे वळतो. शेफिल्ड येथे अँथनी बार्कर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८५ साली हे तंत्र प्रथम दाखवले. इंग्रजी आठच्या आकड्यासारखी तारेची वेटोळी डोक्याला टेकवून त्यातून क्षणभर जोराचा वीजप्रवाह सोडतात. त्याने निर्माण होणारे चुंबकीय क्षेत्र कवटीतून विनासायास आत जाते आणि मेंदूच्या वरच्या थरात सूक्ष्म प्रवाह उत्पन्न करते. भूल लागत नाही, शुद्ध हरपत नाही. खाण्याच्या विकारांत बहुधा कपाळाच्या मागचा, वरच्या अंगाचा भाग निवडतात, कारण ऊर्मी आवरणे आणि ठरवलेल्या गोष्टीला चिकटून राहणे या कामांत त्या भागाचा वाटा मोठा असतो. डोक्यात धातूचा तुकडा, कानात कॉक्लियर इम्प्लांट, छातीत पेसमेकर, पूर्वी फिट आलेली, असे काही असल्यास हा उपचार टाळतात किंवा फार जपून देतात. ही सारी विचारपूस माझ्याकडे दोनदा झाली, एकदा डॉक्टरांनी आणि एकदा तंत्रज्ञाने केली. या बाबतीत केंद्राला पूर्ण गुण.

पहिल्या दिवसाचा अर्धा तास विसरता येणार नाही. प्रत्येकाच्या मेंदूला किती जोराचा ठोका पुरतो हे वेगवेगळे असते आणि ते अंगठ्यावरून ठरवतात. तंत्रज्ञाने माझा उजवा हात उशीवर सैल ठेवायला सांगितला, डोक्यावर पोहण्याची असते तशी कापडी टोपी चढवली आणि वेटोळे डाव्या बाजूला अर्ध्या-अर्ध्या बोटाने सरकवत एकेक ठोका देऊ लागला. दहा-बारा ठोके नुसतेच गेले. मग एका ठोक्यासरशी माझा अंगठा आपोआप उडाला. मी उडवला नव्हता. बँकेत रोज नोटा मोजणारा माझा स्वतःचा अंगठा दुसऱ्या कोणाचा असावा तसा मी त्याच्याकडे पाहत राहिलो. तंत्रज्ञाने टोपीवर खूण केली, जोर कमी-जास्त करत दहापैकी पाच वेळा अंगठा हलेल अशी मात्रा शोधली आणि तिथून काही सेंटीमीटर पुढे कपाळाकडे दुसरी खूण केली. प्रत्यक्ष उपचार त्या दुसऱ्या खुणेवर होतो.

त्यानंतरची एकोणीस सत्रे कंटाळवाणी होती असे म्हणायला हरकत नाही. चार सेकंद ठोके, सव्वीस सेकंद शांतता, असे पंचाहत्तर वेळा. एकूण ३,००० ठोके आणि साडेसदतीस मिनिटे. कानांत बोळे घालावेच लागतात. आवाज आमच्या शाखेत जुन्या काळी कॅशियर पावत्यांवर सपासप शिक्के मारीत तसा, फक्त दसपट वेगाचा आणि आपल्याच कवटीवर. पहिल्या आठवड्यात डावी भुवई ठोक्याबरोबर फडफडत असे आणि दुपारी डोके दुखे. पॅरासिटामॉलची एक गोळी पुरत असे. दुसऱ्या आठवड्यापासून तोही त्रास उरला नाही. त्याच आठवड्यात तंत्रज्ञ रजेवर गेला आणि दोन दिवस यंत्र झाकून ठेवलेले होते. सलग सत्रांचे महत्त्व स्वतःच सांगणाऱ्या केंद्राने पर्यायी माणूस ठेवू नये आणि फोंड्याहून पहाटेची कदंब बस धरून आलेल्या रुग्णाला ते दारात कळावे, हे अक्षम्य आहे. ती दोन सत्रे शेवटी जोडून दिली गेली, एवढे खरे.

पाटोवरच्या बसस्थानकावरून उतरून केंद्राकडे चालत जाताना मी मुद्दाम मांडवीच्या काठाने जात असे. वाटेत जुन्या सचिवालयाशेजारी आबे फारियांचा पुतळा लागतो, हात पसरून बाईला संमोहननिद्रेत नेणारा. कांदोळीला १७५६ साली जन्मलेल्या या गोमंतकीय धर्मगुरूने पॅरिसमध्ये जाऊन सांगितले ते असे, की मेस्मर या जर्मन वैद्याचे अनुयायी म्हणतात तसा कोणताही चुंबकी द्रव वगैरे माणसाच्या अंगातून वाहत नाही. जे घडते ते समोरच्याच्या मनात, सूचनेच्या बळावर घडते. डोक्याला खरेखुरे चुंबक लावून घ्यायला निघालेल्या माणसाने रोज सकाळी या पुतळ्यासमोरून जावे, ही गंमत पहिल्या आठवड्यात माझ्या ध्यानात आली आणि मग काही डोक्यातून जाईना. बार्करचे चुंबक मेस्मरच्या द्रवासारखे काल्पनिक नाही, माझा अंगठा त्याला साक्षी आहे. तरीही माझे खाणे कमी झाले ते चुंबकाने की चुंबकावरच्या विश्वासाने, हा फारियांचा प्रश्न शिल्लक राहतोच.

संशोधकांनाही तो चुकलेला नाही. फ्रान्समधील २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत, बुलिमिया या जवळच्या विकाराच्या (खूप खाऊन मग ओकून टाकणे वगैरे) ४७ स्त्रियांपैकी काहींना खरे आणि काहींना नकली चुंबकीय उद्दीपन दिले गेले, आणि दोन्ही गटांत म्हणण्यासारखा फरक निघाला नाही. याउलट त्याच वर्षी अमेरिकेतील एका लहान अभ्यासात, अनावर खाण्याच्या विकाराच्या ३० जणांना डोक्यावर इलेक्ट्रोड लावून वीस मिनिटे दोन मिलीअँपिअर इतका सौम्य वीजप्रवाह दिला, तेव्हा खाण्याची ओढ घटली आणि प्रयोगशाळेत खाल्लेले अन्न नकली प्रवाहाच्या तुलनेत ११ टक्क्यांनी कमी भरले. अर्थात ते त्या एका दिवसापुरते. लंडनच्या किंग्ज कॉलेजमध्ये या विद्युत उद्दीपनाला संगणकावरच्या लक्ष वळवण्याच्या सरावाची जोड देऊन पाहिली गेली आहे. एकट्या यंत्राने भागत नाही, त्याच्यासोबत शिकण्यासारखे काहीतरी द्यावे लागते, या विचाराने लोक जोडउपचारांकडे वळले आहेत. माझ्या पॅकेजमध्ये ती जोड आहारतज्ज्ञांची होती.

या आहारतज्ज्ञ मूळच्या सावंतवाडीच्या, वयाने माझ्या मुलीएवढ्या. मी मनाची तयारी करून गेलो होतो ती भात बंद, पाव बंद, साखर बंद अशा तक्त्याची. त्यांनी तक्ता दिलाच नाही. दोनशे पानी वही आणायला सांगितली आणि तिच्यात रकाने आखून दिले: किती वाजता, कुठे बसून, काय खाल्ले, ताबा सुटला का, त्याआधी काय घडले होते. कॅलरी लिहायची नाही, वजन आठवड्यातून एकदाच बघायचे, आणि रात्रीचे खाणे लपवायचे नाही, तेही त्याच वेळी लिहायचे. दुसऱ्या दिवशी सकाळी लिहिलेली नोंद त्या लाल पेनाने गोल करीत आणि म्हणत, ‘काका, ही आठवणीतली आहे. मला तेव्हाची हवी.’ हिशेबाच्या माणसाला हे बरोबर लागले. मागच्या तारखेची नोंद आम्हीही मान्य करीत नाही.

पहिल्या दहा दिवसांची वही त्यांनी माझ्यासमोर उघडली आणि फक्त सोमवार दाखवले. मी लहानपणापासून मंगेशाचा सोमवार धरतो. दिवसभर चहा आणि दोन केळी, रात्री साबुदाण्याची खिचडी. ज्या चार-पाच रात्री माझा तोल जात असे त्यांत सोमवार आणि मंगळवार कधी चुकत नसत, हे सहा वर्षांत माझ्या लक्षात आले नव्हते. बाकीच्या दिवशीही दुपारी एकला डबा खाल्ला की रात्री नऊपर्यंत पोटात काही जात नसे, कारण ‘आज रात्री खायचेच नाही’ अशी शिक्षा मी सकाळीच स्वतःला ठोठावलेली असे. त्यांचे म्हणणे एवढेच होते, की दिवसा उपाशी ठेवलेले शरीर रात्री वसुली करते. म्हणून तीन जेवणे आणि मध्ये दोन-तीन खाणी घड्याळ लावून घ्यायची, दोहोंत चार तासांपेक्षा जास्त अंतर पडू द्यायचे नाही, भूक असो वा नसो. निषिद्ध असा कोणताही पदार्थ ठेवायचा नाही, कारण बंदी घातलेलाच पदार्थ रात्री हाक मारतो.

उपासाचा प्रश्न त्यांनी नाजूकपणे हाताळला. ‘सोडा’ असे त्या एकदाही म्हणाल्या नाहीत. सोमवारी मासळी आणि धान्य वर्ज्य ठेवून सकाळी दूध आणि शेंगदाणे, दुपारी वरी आणि दाण्याची आमटी, चारला रताळे, रात्री खिचडीसोबत दही, असा उपास पाळता येतो का, एवढे विचारले. माझ्या आईने हे ऐकून, ‘हा उपास की चवथीचा (गणेशचतुर्थीचा) थाट?’ असे म्हटले, पण मग रताळी तीच उकडून ठेवू लागली.

संध्याकाळच्या खाण्याची वेळ त्यांनी पोदेराशी, म्हणजे दारोदार पाव विकणाऱ्याशी, जोडून दिली, हा भाग मला सर्वांत आवडला. साडेसहाला माझी बस फोंड्याला पोहोचते, पाठोपाठ आमच्या वाड्यावर पोदेराचा भोंगा वाजतो. पूर्वी मी त्या पावांकडे बघायचे टाळीत असे आणि मध्यरात्री तेच चार-पाच सुके गिळीत असे. आता भोंगा वाजला की एक पोयी (कोंड्याचा गोल पाव), सोबत मुगाची किंवा वाटाण्याची भाजी, ताटात वाढून, खुर्चीवर बसून, दिवा लावून. दिवा लावून हे शब्द त्यांनी वहीत अधोरेखित करून दिले होते.

परिणामांविषयी लिहायचे तर, तिसऱ्या आठवड्यात एका रात्री मी फ्रीजसमोर उभा राहिलो आणि हात पुढे जाण्यापूर्वी काही क्षण रिकामे गेले. पूर्वी ते क्षण नसायचेच. त्या वेळात मला वही आठवली, मी टेबलापाशी जाऊन वेळ लिहिली, ११.४०, आणि लिहिता लिहिता ओढ ओसरली. ते रिकामे क्षण यंत्राने दिले असतील, हे मी नाकारत नाही. पण तेवढ्या वेळात काय करायचे हे मला यंत्राने शिकवलेले नव्हते. वही नसती तर बहुधा मी तिथेच उभा राहून थोड्या उशिरा खाल्ले असते. उपचार संपताना आठवड्यातल्या चार-पाच रात्रींच्या जागी एक उरली. श्रावणात तीही गेली. चवथीला घरात नेवऱ्यांचे, म्हणजे करंज्यांचे, दोन डबे भरले आणि सलग तीन रात्री माझा पुरता बोजवारा उडाला. तो मी वहीत तपशिलाने लिहिला आहे. त्यानंतर आजवर दोन वेळा. वजन सव्वा किलोने उतरले, म्हणजे न उतरल्यासारखेच.

उरलेल्या तक्रारी थोडक्यात. संमतीपत्र आठ पानांचे आणि संपूर्ण इंग्रजीत आहे. मी बँकेतला असल्याने वाचले, माझ्यानंतर आलेल्या, वयाच्या सत्तरीतल्या म्हशेळकर आजोबांनी, वाळपईकडच्या एका शेतकऱ्याने आणि आणखी कित्येकांनी न वाचताच सही केलेली मी पाहिली. खाण्याच्या विकारांवर काम करणारा मानसशास्त्रज्ञ केंद्रात नाही. ज्या उपचाराला सगळ्यांत भक्कम आधार आहे तोच तिथे मिळत नाही आणि तसे कोणी आपण होऊन सांगतही नाही. आर्थिक अडचण असलेल्याने आधी बांबोळीच्या सरकारी मानसोपचार संस्थेच्या बाह्यरुग्ण विभागात दाखवावे, किमान रोगनिदान तरी पक्के होईल, असे मी ओळखीच्यांना सांगतो. तिसरी गोष्ट पैशांची. वीस सत्रे यंत्राची आणि समुपदेशनाच्या भेटी फक्त चार, त्याही बिलावर ‘मोफत’ म्हणून दाखवलेल्या. मला विचाराल तर बिलातल्या त्या शून्य रुपयांच्या ओळीनेच अर्ध्याहून अधिक काम केले.

ऑक्टोबरात केंद्रातून फोन आला. परिणाम टिकवण्यासाठी दहा सत्रांचे नवे पॅकेज आहे, सवलतीत आहे, सोबत समुपदेशनाच्या दोन भेटी मोफत. मी म्हटले, यंत्र नको, त्या दोन भेटींचे पैसे घ्या आणि तेवढ्याच द्या. पलीकडची मुलगी थोडा वेळ गप्प राहिली आणि म्हणाली, ‘सर, तसा वेगळा दर आमच्याकडे नाही.’ मी दर ठरवून कळवायला सांगितले आहे. तोवर दुसरी वही सुरू केली आहे.